तीच वही, तीच चूक: इंग्रजीतलं कॅपिटल, स्वल्पविराम आणि अपॉस्ट्रॉफी का सुधारत नाहीत

तक्रार ठरलेली असते. "बाई, शंभरदा सांगितलं, तरी पोरगा गावाचं नाव स्मॉलमध्येच लिहितो." पाचवीत सांगून झालेलं असतं, सातवीत ओरडून झालेलं असतं आणि नववीच्या सहामाहीचा पेपर घरी आला की पुन्हा तेच तांबडे गोल. देवगड तालुक्यात घरच्या पडवीत मी शिकवणी घेते. या गोलांशी माझी ओळख जुनी आहे, त्यातले बरेच मीच काढलेत.

पुष्कळ वर्षं मीही याला निष्काळजीपणाच म्हणत होते. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून आणायचा, हा माझा उपाय. मुलं इमानदारीत दहा वेळा बरोबर लिहून आणायची आणि अकराव्यांदा, निबंधात, पुन्हा चुकायची. उपाय चालत नाही हे दिसत असूनही तोच उपाय मी किती वर्षं रेटला, ते सांगायची लाज वाटते.

मग एकदा आठवीतल्या एका मुलाच्या वहीत मी कुडाळच्या 'के'ला गोल केला. वडील मासेमारीच्या बोटीवर, पोरगा एरवी गप्प. त्या दिवशी मात्र त्याने वही पुढे सरकवली आणि बोट ठेवून म्हणाला, "बाई, ह्यो मोठोच आसा."

मी चष्मा लावून पाहिलं. त्याच्या लेखी तो मोठाच होता. त्याच्या मनात कॅपिटल 'के' होता, कागदावर मात्र स्मॉल 'के'सारखा उतरला होता. म्हणजे ज्याला मी न समजणं म्हणत होते, ते निदान या अक्षरापुरतं हाताचं दुखणं होतं.

तेव्हापासून मी आधी तोंडी विचारते. चुकलेल्या शब्दाचं स्पेलिंग मुलाला मोठ्याने म्हणायला लावा. "कॅपिटल के, यू, डी" असं म्हणाला तर त्याला नियम येतो, हात चुकतोय. नुसतं "के, यू, डी" म्हणाला तर नियम डोक्यात बसलेलाच नाही. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, आणि दहा वेळा लिहून आणणं हा दोहोंपैकी एकाचाही नाही.

हाताचं आधी सांगते, कारण ते कुणी तपासतच नाही. इंग्रजीत सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स आणि झेड या सात अक्षरांचं लहान आणि मोठं रूप एकच असतं, फरक फक्त उंचीचा. 'पी'ही तसाच, फक्त लहान 'पी'चा दांडा ओळीखाली लोंबतो. 'के' तर सगळ्यात दगाबाज. त्याचा लहान दांडाही वरच्या रेघेला टेकतो, फरक उरतो तो दोन फांद्यांचा. मोठ्या 'के'ची वरची फांदी दांड्याच्या टोकापर्यंत जाते, लहान 'के'ची मध्येच थांबते.

आता सिंधुदुर्गातले तालुके घ्या. कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ला, वैभववाडी. आठांपैकी पाच याच फसव्या अक्षरांवर सुरू होतात. देवगड, मालवण आणि दोडामार्ग तेवढे सुटले. त्यात जिल्ह्याचं ठाणं ओरोस, आणि जिल्ह्याचं स्वतःचं नाव 'एस'वर! आमच्या पोरांना कॅपिटल येत नाही अशी ओरड होते, त्यातल्या बऱ्याच चुका मुळात याच नावांच्या असतात, हे मी जुन्या वह्या काढून पाहिल्यावर लक्षात आलं.

चाररेघी वही असते तोवर हे झाकलं जातं. वरची तांबडी रेघ दिसते, तिथवर अक्षर नेलं की मोठं झालं. एकरेघी वही आली की ती रेघ नाहीशी होते आणि 'एस', 'व्ही' सगळे एका उंचीचे होऊन बसतात. उपाय सोपा आहे. चाररेघी वही पुन्हा आणायची, मूल नववीत असलं तरी. लाजतात, पण पंधरा दिवसांत ती वही सोडून देता येते. त्या वहीत फक्त गावांची नावं, फसव्या अक्षरांची. नंतर एकरेघी वहीत मोठं अक्षर शेजारच्या लहान 'ए' किंवा 'यू'च्या दुप्पट उंच काढायचं, इतकंच लक्षात ठेवायला सांगते.

याच्या उलटी चूकही असते, शब्दाच्या मधोमध मोठा 'आर' किंवा मोठा 'बी'. ते बहुतेक वेळा लहान 'आर' नीट जमत नाही म्हणून. त्यावर रागावू नये, लहान 'आर' शिकवावा.

आता डोक्यातली चूक. ती यायला कारण आहे आणि ते आपल्या लिपीत आहे. देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाही. मालवणचा 'म' आणि माशाचा 'म' एकाच मापाचे. मूल पहिलीत 'म' शिकतं तेव्हा त्याला कुणीही सांगत नाही की नाव आलं की अक्षर बदलतं. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आहे, म्हणजे मुलं दोन्ही लिप्या जवळपास एकदमच गिरवतात. पण घरात, दुकानाच्या पाटीवर, एसटीच्या बोर्डावर जी लिपी डोळ्यांसमोर असते, तिचीच सवय लागते. आमच्या आधीच्या पिढीला शाळेत इंग्रजीची मोठी आणि लहान अक्षरं 'पहिली लिपी, दुसरी लिपी' अशी वेगवेगळी शिकवत. भाषा जुनाट वाटते, पण दोन लिप्या शिकायच्या आहेत हे त्यातून कळायचं तरी.

शिवाय शाळेत लिहिण्यापेक्षा उतरवणं जास्त. फळ्यावरचं उतरव, डायजेस्टमधलं उतरव. उतरवताना कॅपिटल डोळा आणतो, डोक्याला काही ठरवावंच लागत नाही. वही सुंदर दिसते आणि पेपरात सगळं उघडं पडतं. त्यात फोन. कुडाळच्या 'के'वाल्या त्याच मुलाला मी विचारलं, मेसेजमध्ये तर बरोबर लिहितोस. तो म्हणाला, "फोनार आपोआप येता." खरंच येतं. कीबोर्ड वाक्याचं पहिलं अक्षर स्वतःच मोठं करतो, दोनदा स्पेस दाबली की पूर्णविरामही देतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ऑटो कॅपिटलायझेशन नावाचं बटण असतं, ते महिनाभर बंद ठेवायला लावते. सगळ्यांत जास्त विरोध यालाच होतो.

मला लागू पडलेला खरा उपाय मात्र फळ्यावरचा आहे. मी इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहिते. या लेखातही तसंच लिहितेय, ते उगाच नाही. फळ्यावर असतं:

बाळशास्त्री जांभेकर वॉज बॉर्न इन पोंभुर्ले ही स्टार्टेड दर्पण ऑन ६ जॅन्युअरी १८३२

हे मुलांनी इंग्रजी लिपीत उतरवायचं. उतरवायला काही नाहीच, कारण कॅपिटल फळ्यावर नाही आणि पूर्णविरामही नाही. प्रत्येक ठिकाणी ठरवावंच लागतं. बाळशास्त्रीचा 'बी', जांभेकरचा 'जे', पोंभुर्लेचा 'पी'. मग पूर्णविराम, आणि 'ही'चा 'एच' मोठा. दर्पण हे वृत्तपत्राचं नाव, म्हणून 'डी' मोठा, हाताने लिहिताना खाली रेघ मारली तर उत्तम. जॅन्युअरीचा 'जे' मोठा. इथे जवळपास सगळी वही चुकते, कारण मराठीत महिना हे काही 'नाव' वाटत नाही. पोंभुर्ले आमच्याच तालुक्यातलं, आणि दर्पण मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघायचं, म्हणून मला हे वाक्य आवडतं. पत्रकार दिनाच्या भाषणात मुलं हीच माहिती घडाघडा म्हणतात.

वार आणि महिने मोठे, ऋतू लहान. जून मोठा, मान्सून लहान. भाषेचं नाव मोठं, म्हणून मालवणी फिश करीतला फक्त 'एम' मोठा, मासा आणि रस्सा लहान. अल्फान्सो मँगोमध्ये 'ए' मोठा, कारण ते मुळात अफोन्सो द अल्बुकर्क या पोर्तुगीज माणसाच्या नावावरून आलेलं. मँगोचा 'एम' लहान, तो कितीही महाग झाला तरी. कोकण रेल्वे म्हटलं तर 'के' आणि 'आर' दोन्ही मोठे, कारण ते अख्खं नाव आहे. नुसतं 'द रेल्वे स्टेशन' म्हटलं तर सगळं लहान.

एक चूक मला फार गोड वाटते. मुलं 'माय मदर'मधला 'मदर' कॅपिटलने लिहितात, टीचरही कॅपिटलने. का, विचारलं तर एका मुलीने सांगितलं, "मान द्यायला." आपण मान क्रियापदातून देतो, आजोबा आले, बाई म्हणाल्या. इंग्रजीत ती सोय नाही म्हटल्यावर तिने मान अक्षरात शोधला. तिला सांगावं लागलं की कॅपिटल नावाला असतं, मानाला नाही. 'माय', 'हर' असा शब्द आधी असेल तर मदर लहान. नावासारखी हाक मारली, "थँक यू, मदर", तर मोठा. मानाचंच असतं तर 'आय' मोठा लिहिणारे इंग्रज भारीच आढ्यताखोर ठरले असते. तो मोठा झाला तो वाचता यावा म्हणून. एकटा उभा लहान 'आय' हस्तलिखितात हरवून जायचा.

स्वल्पविरामाची गोष्ट वेगळी. विरामचिन्हं मुळात आपल्याकडे इंग्रजीकडूनच आली. मोडीत लिहिलेले जुने दस्त पाहिलेत का? शब्दाशब्दांत जागा नाही, वाक्य कुठे संपलं त्याची खूण नाही. मराठीत विरामचिन्हं रुळवण्याचं श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिलं जातं. तेव्हा चिन्हांची ओळख आपल्याला आहे, पण वापर आपला आपला आहे, आणि घोटाळा तिथेच होतो.

निबंधातली एक ओळ पाहा: आय वेन्ट टू द बीच, आय सॉ अ बोट, इट वॉज रेड, माय अंकल वॉज इन इट. मराठीत आपण बोलताना असंच सांगतो. गेलो, पाहिली, लाल होती, काका होता. इंग्रजीत या चार वाक्यांना नुसता स्वल्पविराम बांधू शकत नाही. एक तर पूर्णविराम द्या, नाहीतर 'अँड', 'बट', 'बिकॉज' असा शब्द आणा.

शाळेत शिकवतात की स्वल्पविरामाला एक मोजायचं, पूर्णविरामाला दोन. मीही शिकवलंय. हा नियम वाचायला ठीक, लिहायला घातक. लिहिताना मूल जिथे श्वास घेतं तिथे स्वल्पविराम टाकतं, आणि दमेकरी मुलाच्या वहीत तर तो दर तीन शब्दांनी. श्वास सोडा, कर्ता आणि क्रियापद मोजा. 'आय वेन्ट' ही एक जोडी, 'आय सॉ' दुसरी. जोडी पूर्ण झाली आणि पुढे नवी जोडी सुरू होतेय, मध्ये जोडणारा शब्द नाही, तर पूर्णविराम. मुलं पेन्सिलीने जोड्यांना कंस करतात. आठवडाभर वही भयंकर दिसते, मग कंस आपोआप कमी होतात.

दुसरी खास मराठी चूक म्हणजे 'दॅट'पाशी स्वल्पविराम. ही सेड दॅट, ही वॉज टायर्ड. आपण 'तो म्हणाला, की' असं लिहितो, तोच स्वल्पविराम जागा बदलून इंग्रजीत शिरतो. ही सेड दॅट ही वॉज टायर्ड. मध्ये काही नाही. तसंच, 'त्याने विचारलं, की तू कुठे चाललास?' यातलं प्रश्नचिन्ह. ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग, शेवटी साधा पूर्णविराम, कारण हे वाक्य प्रश्न नाही, प्रश्नाची बातमी आहे.

आता अपॉस्ट्रॉफी. हायवेवर आंब्याच्या हंगामात दर दोन-तीन पाट्यांमागे एका पाटीवर मँगोजच्या 'एस'आधी तो बसलेला दिसेल. अनेकवचनाला अपॉस्ट्रॉफी लागत नाही, एवढं सांगून ही चूक बऱ्यापैकी जाते.

जात नाही ती 'इट्स'ची. तिचं मूळ मला उशिरा सापडलं. मुलं शिकतात की अपॉस्ट्रॉफी आणि 'एस' म्हणजे आपला चा-ची-चे. रामाचा, बोटीचा, आंब्याचा. मग 'त्याचा' म्हणजे 'इट'ला अपॉस्ट्रॉफी 'एस'. मराठीतून विचार केला तर तर्क अगदी बरोबर आहे! म्हणून नियम पाठ करून ही चूक सुटत नाही, मूल नियमच लावत असतं.

मी मग विचारते, "माझा" कसा झाला? मी अधिक चा, म्हणजे "मीचा"? पोरं हसतात. मीचा कुणी म्हणत नाही. तुझा, माझा यांना आपण चा लावत नाही, ती रूपं आधीच तयार असतात. इंग्रजीतही माय, हिज, हर्स, अवर्स, यूअर्स, इट्स ही तयार रूपं आहेत, त्यांना अपॉस्ट्रॉफी नाही. अपॉस्ट्रॉफी असलेलं 'इट्स' म्हणजे 'इट इज' किंवा 'इट हॅज'. शंका आली की तोंडाने उलगडून बघायचं. 'द बोट लॉस्ट इट इज अँकर' असं होतंय? विचित्र वाटलं ना, मग काढा. पत्राच्या शेवटी 'यूअर्स फेथफुली'मधला अपॉस्ट्रॉफी याच "मीचा"ने गेला. तिथे 'वाय' मोठा, 'एफ' लहान, आणि शेवटी स्वल्पविराम.

'एस'च्या आधी की नंतर, हेही मराठीतूनच सुटतं. मुलाचा आणि मुलांचा, फरक एका अनुस्वाराचा. बॉयला अपॉस्ट्रॉफी मग 'एस', म्हणजे मुलाचा. बॉइजच्या 'एस'नंतर अपॉस्ट्रॉफी, म्हणजे मुलांचा. अनुस्वार असेल तर चिन्ह 'एस'च्या पलीकडे. फिशरमेन, चिल्ड्रेन यांच्या शेवटी 'एस' नसतोच, म्हणून तिथे अनुस्वार असूनही चिन्ह आधी. एवढा अपवाद मुलं सांभाळतात.

बाकीचं किरकोळ. चिन्हाआधी जागा सोडू नये, नंतर सोडावी. ओळीची सुरुवात स्वल्पविरामाने करू नये, शब्द पुढच्या ओळीवर न्यावा. पत्त्यातला 'डिस्ट' टिंब देऊन लिहावा, ते मु. पो., ता., जि. लिहिणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. तीन-तीन उद्गारचिन्हं फोनवरच ठेवावी.

तपासायची पद्धत तेवढी बदला. "एकदा वाचून बघ" याला काही अर्थ नाही. मूल वाचतं आणि त्याला जे लिहायचं होतं तेच दिसतं. त्या 'के'वाल्या मुलाचे आजोबा ओट्यावर जाळं दुरुस्त करताना मी पाहिलंय. अख्खं जाळं पसरून बघत बसत नाहीत, एका कडेने हातात घेत पुढे सरकवतात. वहीचंही तसंच करायला लावते. पहिल्या फेरीत फक्त कॅपिटल, तेही शेवटच्या वाक्यापासून वर, म्हणजे गोष्टीत मन गुंतत नाही. दुसऱ्या फेरीत फक्त कर्ता-क्रियापदाच्या जोड्या आणि पूर्णविराम. तिसरीत फक्त अपॉस्ट्रॉफी, प्रत्येक 'एस'पाशी थांबून. पेपरात तीन फेऱ्यांना पाच-सात मिनिटं जातात. दहावीला विरामचिन्हांचा प्रश्न दोनच मार्कांचा आहे, पण पत्रात आणि निबंधात हीच चिन्हं पुन्हा मोजली जातात, म्हणून ती मिनिटं मी राखून ठेवायला लावते.

आणि तुम्ही तपासत असाल तर एका वेळी एकाच जातीच्या चुकीला गोल करा. सगळ्या दाखवल्या तर मूल एकही बघत नाही.

घरी करून बघायला एक उतारा देते, इंग्रजी लिपीत लिहून काढा:

माय मदर अँड आय वेन्ट टू कुणकेश्वर ऑन मंडे बिकॉज इट वॉज महाशिवरात्री द टेम्पल इज निअर द सी अँड इट्स यार्ड वॉज फुल ऑफ पीपल माय मदर सेड डोन्ट रन

उत्तर असं. 'माय'चा 'एम' मोठा, 'मदर'चा लहान, 'आय' मोठा. कुणकेश्वरचा 'के' मोठा, मंडेचा आणि महाशिवरात्रीचा 'एम' मोठा. पूर्णविराम. 'द'चा 'टी' मोठा, टेम्पल आणि सी लहान. 'अँड'च्या आधी स्वल्पविराम द्यावा, कारण तिथून नवी जोडी सुरू होते. 'इट्स'ला अपॉस्ट्रॉफी नाही. पीपलनंतर पूर्णविराम. 'माय'चा 'एम' मोठा, 'सेड'नंतर स्वल्पविराम, मग अवतरणचिन्ह, 'डोन्ट'चा 'डी' मोठा आणि 'एन' व 'टी'च्या मध्ये अपॉस्ट्रॉफी. 'रन'नंतरचा पूर्णविराम अवतरणचिन्हाच्या आत. कुणकेश्वरचा 'के' काढल्यावर त्याची वरची फांदी टोकापर्यंत गेलीय का, तेवढं पुन्हा बघा.